मिस बेट्सचे परिच्छेद तुम्ही गाळता का? जेन ऑस्टिनच्या विनोदी पात्रांविषयी

कृष्णकमळ

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यापासून मी सासूबाईंना रोज दुपारी अर्धा तास जेन ऑस्टिनची 'एमा' वाचून दाखवते आहे. वाचून दाखवते म्हणजे डोळ्यांनी इंग्रजी वाचते आणि तोंडाने मराठीत सांगते. महाविद्यालयात असताना ही कादंबरी परीक्षेपुरती वाचली होती आणि मिस बेट्स बोलू लागली की मी सरळ पान उलटत असे. आता ती सोय उरलेली नाही, कारण माझा आवाज जरा अडखळला की सासूबाई लगेच विचारतात, "मधलं काही गाळलंस का गं?"

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. लंडनपासून 16 मैलांवर हायबरी नावाचे गाव आहे. तिथल्या दिवंगत धर्मगुरूची ही अविवाहित, प्रौढ मुलगी. कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या आईला घेऊन ती दुसऱ्याच्या घरातल्या वरच्या मजल्यावर राहते. पैसा नाही, रूप नाही, बुद्धीही बेताचीच. पण गावातल्या प्रत्येकाविषयी तिच्या मनात कृतज्ञता आहे आणि ती कृतज्ञता अखंड बोलण्यातून वाहत असते.

परवा आम्ही तिच्या आईच्या चष्म्याच्या प्रसंगापाशी पोहोचलो. चष्म्याची खीळ सकाळीच निखळली आहे. ती बसवून आणायला जायचेच होते, पण पॅटी मोलकरीण सांगत आली की स्वयंपाकघराचे धुराडे झाडायला झाले आहे. तेव्हा मिस बेट्स तिला म्हणाली की बाई, तू आणखी वाईट बातम्या आणू नकोस, इथे तुझ्या मालकिणीच्या चष्म्याची खीळ निघाली आहे. तेवढ्यात बेकरीवालीच्या पोऱ्याने भाजलेली सफरचंदे आणून दिली. ती बेकरीवाली आमच्याशी नेहमीच किती चांगली वागते. आणि सफरचंदांवरून गाडी तिच्या भाचीच्या, जेनच्या, मंदावलेल्या भुकेवर जाते. हे सगळे मी एका दमात मराठीत सांगितले आणि सासूबाई हसता हसता म्हणाल्या, "ही बाई मला माहीत आहे."

त्यांना माहीत असलेली बाई 1815 साली छापलेल्या इंग्रजी कादंबरीत कशी पोहोचली, असा माझा प्रश्न आहे. विनोदी पात्रे पुष्कळ लेखकांना साधतात. परंतु विनोदी असूनही 'हे माणूस खरेच असणार' असे वाटायला लावणारी पात्रे ऑस्टिनला कशी साधली असतील? तिची नेमकी युक्ती कोणती? मला प्रामाणिकपणे जाणून घ्यायचे आहे.

भालदार

मिस बेट्स आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टमध्ये भेटतात. तिथे पान उलटायची सोय नाही.

दत्तू वकील

कृष्णकमळताई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की ऑस्टिनची पात्रे स्वतःला विनोदी समजतच नाहीत. ती आपल्या परीने अत्यंत वाजवी बोलत असतात. याचा पुरावा म्हणून 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मधले दुसरे प्रकरण सादर करतो. ही कादंबरी 1811 मध्ये 'एका स्त्रीने लिहिलेली' एवढ्याच ओळखीने प्रसिद्ध झाली. हे प्रकरण मी वकिलीच्या तिसऱ्या वर्षी वाचले आणि मला वाटले, ही बाई आमच्या कचेरीच्या दाराआड उभी राहून ऐकत होती.

जॉन डॅशवुड हा सावत्र मुलगा. मरणासन्न बापाला त्याने वचन दिले आहे की सावत्र आईला आणि तीन बहिणींना मी अंतर देणार नाही. त्याने मनाशी ठरवले आहे की प्रत्येक बहिणीला 1000 पौंड द्यायचे, म्हणजे एकूण 3000. मग त्याची बायको फॅनी बोलू लागते. आपल्या लहानग्याच्या तोंडचा घास का काढायचा? बरे, मग प्रत्येकीला 500 देऊ. तेही जास्तच होतील. मग आईला तहहयात वर्षाला 100 पौंड देऊ. इथे फॅनीचे म्हणणे असे की ज्याला वर्षासन लावून दिले तो माणूस मरता मरत नाही. ती पंधरा वर्षे जगली तर आपण पुरते फसलो. मग अधूनमधून 50 पौंडांची भेट देऊ. शेवटी ठरते ते असे, की वडिलांच्या मनात पैसे देण्याचा विचारच नव्हता. त्यांना म्हणायचे होते की घर शोधून द्यावे, सामान हलवायला मदत करावी आणि हंगामात मासळी किंवा शिकारीचे मांस पाठवावे. वर फॅनीला चुटपुट लागून राहते ती निराळीच, की सासूबरोबर जाणारी न्याहारीची चिनी मातीची भांडी त्यांच्या नव्या घराच्या मानाने फारच भारी आहेत.

या संपूर्ण संभाषणात एकही वाक्य दुष्टपणाचे नाही, हे पुन्हा वाचून पाहा. नवरा प्रत्येक पायरीवर मनापासून मान्य करतो की बायको म्हणते ते रास्त आहे. पंचवीस वर्षांत वाटणीच्या कामांत मी हेच संभाषण शेतजमिनीविषयी, सदनिकेविषयी आणि एकदा तर शिलाई यंत्राविषयी ऐकले आहे. फरक एवढाच की आमच्याकडे शेवटी मासळीही जात नाही.

निशिगंध

वकीलसाहेब, दाखला उत्तम आहे. परंतु या धाग्याचे गृहीतकच मला पूर्णपणे मान्य नाही. डॅशवुड दांपत्य खरे वाटते, मिस बेट्सही वाटते. पण 'प्राइड अँड प्रेजुडिस'मधल्या मिस्टर कॉलिन्सला तुम्ही वास्तव पात्र म्हणाल का? हा धर्मगुरू आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या दिवाणखान्यातल्या एका शेकोटीच्या चौकटीला 800 पौंड पडले असे सांगत हिंडतो, तिच्या वाड्याच्या खिडक्या मोजून दाखवतो आणि तिने त्याच्या घरातल्या फडताळांना फळ्या ठोकण्याची सूचना केली याचेही त्याला भरते येते. बायकांची स्तुती करण्यासाठी लागणारी नाजूक वाक्ये आपण फावल्या वेळात जुळवून ठेवतो, अशी कबुलीही तो देतो. हे व्यंगचित्र आहे. ते कमालीचे हसवते, पण खरेपणाच्या नावाखाली आपण त्याला फुकटचे गुण देत आहोत. कॉलिन्सच्या बाबतीत ऑस्टिन आणि डिकन्स यांच्यात मला तत्त्वतः भेद दिसत नाही.

भालदार

निशिगंध, तुम्ही कधी शासकीय सत्कार समारंभाचे सूत्रसंचालन ऐकलेले दिसत नाही.

रिकामे बाक

निशिगंध यांच्या आक्षेपाला विनोदाने बगल देऊ नये, कारण तो वजनदार आहे. मात्र मला वाटते की कॉलिन्सविषयीची एक गोष्ट आपण विसरतो, कारण ऑस्टिन ती एका वाक्यात सांगून पुढे निघून जाते. त्याचे जवळजवळ सगळे आयुष्य एका निरक्षर आणि कंजूष बापाच्या धाकात गेले आहे. त्या धाकाने त्याला लीन केले; पुढे अनपेक्षितपणे उपजीविका आणि लेडी कॅथरीनचा आश्रय मिळाला आणि त्या लीनतेवर अहंकाराचे कलम झाले. म्हणूनच तो एकाच वाक्यात लोटांगण घालतो आणि छातीही फुगवतो. हे दोन्ही एकत्र असणे ही मला तरी अतिशयोक्ती वाटत नाही. दबून वाढलेला माणूस अधिकाराच्या खुर्चीजवळ पोहोचला की नेमका असाच होतो.

दुसरा मुद्दा त्याच्या मागणीचा. त्याला बेनेट कुटुंबातली थोरली मुलगी जेन हवी असते. तिच्या आईने तिचे दुसरीकडे जमण्याचा संभव सुचवताच तो धाकट्या बहिणीकडे, एलिझाबेथकडे, वळतो आणि हा बदल, ऑस्टिनच्या शब्दांत सांगायचे तर, मिसेस बेनेट शेकोटीतला विस्तव सारत असताना होऊन जातो. एलिझाबेथने नकार दिल्यावर तिच्या नकारावर त्याचा विश्वासच बसत नाही, कारण कुलीन मुली पहिल्यांदा नाहीच म्हणतात असे त्याने गृहीत धरलेले आहे. हे वाचून आधी हसू येते आणि नंतर लक्षात येते की समोरच्या बाईचे 'नाही' ऐकूच न येणे ही काही फार दुर्मीळ विकृती नव्हे.

तिसरा मुद्दा म्हणजे शार्लट, एलिझाबेथची मैत्रीण आणि पुढे कॉलिन्सची बायको. व्यंगचित्राशी कोणाला संसार करावा लागत नाही. कॉलिन्सशी करावा लागतो. शार्लट त्याला बागकामाचे प्रोत्साहन देते आणि स्वतःच्या बैठकीसाठी घराच्या मागच्या बाजूची, कमी चांगली खोली निवडते. ती तशी का निवडली हे एलिझाबेथला आधी कळत नाही. पुढची खोली रस्त्याकडे तोंड करून, छान असती तर नवरा दिवसभर तिथेच येऊन बसला असता. एका खोलीच्या निवडीत अख्खे लग्न दाखवले आहे, आणि ते कॉलिन्स खरा असल्याखेरीज दिसले नसते.

निशिगंध

मागच्या खोलीचा मुद्दा मान्य. तो माझ्या लक्षात आला नव्हता. मात्र त्यामुळे शार्लट खरी ठरते, कॉलिन्स नव्हे, हे माझे म्हणणे मी तूर्त सोडत नाही.

देवासकर

या वादात इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांना बोलावणे भाग आहे आणि माझ्या गावचे म्हणून मी त्यांना हक्काने बोलावतो. आमच्या देवासच्या थोरल्या पातीच्या मराठी संस्थानात 1921 साली ते महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस होते. पुढे 1927 मध्ये केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी पात्रांची सपाट आणि गोल अशी जी विभागणी केली, ती आजही सगळीकडे शिकवली जाते. एका वाक्यात मावते ते सपाट पात्र. वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकते ते गोल.

गंमत अशी की ऑस्टिनविषयी बोलताना फॉर्स्टर यांनी उदाहरण घेतले ते 'मॅन्सफील्ड पार्क'मधल्या लेडी बर्ट्रमचे. ही बाई सोफ्यावर बसून असते, शेजारी तिचे छोटे पग जातीचे कुत्रे असते आणि कशाचाही ताण पडू नये एवढीच तिची इच्छा असते. पूर्णपणे सपाट. तरीही मुलींच्या हातून मोठे घोटाळे झाल्यावर हीच बाई काय घडले त्याचे गांभीर्य बरोबर ओळखते. फॉर्स्टर म्हणतात की चकती फुगून क्षणभर छोटा गोल होते आणि मग पुन्हा चकती होते.

मी त्यांच्यापुढे जाऊन आणखी एक जागा दाखवू इच्छितो. थोरला मुलगा टॉम आजारी पडल्याची बातमी येते तेव्हा लेडी बर्ट्रम भाचीला, फॅनीला, पत्रे लिहिते. तिला पत्रे लिहिण्याची हौस आहे आणि काळजी, खेद, आशा यांची ठरावीक वाक्ये तिच्या लेखणीतून सुरेख उतरतात. घाबरण्याचा तो एक प्रकारचा खेळच असतो. मग टॉमला प्रत्यक्ष घरी आणले जाते आणि तिला त्याची अवस्था दिसते. अर्ध्यावर राहिलेल्या पत्रात पुढे लिहिलेले असते की तो आत्ताच आला, त्याला वर नेले, त्याला पाहून मला इतका धक्का बसला आहे की काय करावे ते कळत नाही. इथून तिची भाषाच बदलते. ती बोलल्यासारखे लिहू लागते. पात्र गोल झाल्याचे ऑस्टिन स्वतः सांगत नाही, वाक्याच्या लांबीवरून ते आपल्याला कळते.

हिंदुस्थानशी संबंध म्हणून एक छोटी गोष्ट. याच लेडी बर्ट्रमचा भाचा विल्यम आरमारात आहे. तो कधी पूर्वेकडे गेला तर आपल्याला शाल आणता येईल, म्हणून त्याने तिकडे जावे असे तिला वाटते. क्षणभर विचार करून ती म्हणते, मला वाटते मी दोन शाली घेईन. भाच्याचा जीव धोक्यात घालून दोन शाली! आणि तरीही तिचा राग येत नाही.

गुळपोळी

देवासकरांनी 'मॅन्सफील्ड पार्क' काढलेच आहे, तर लेडी बर्ट्रमच्या बहिणीला विसरून चालणार नाही. माझ्या मते ऑस्टिनचे सर्वांत वास्तव विनोदी पात्र म्हणजे मिसेस नॉरिस. घरातली मुले नाटक बसवतात, त्यासाठी मोठा पडदा शिवला जातो. घरमालक सर थॉमस अचानक परततात आणि नाटक मोडते. सगळा पसारा आवरताना तो पडदा मिसेस नॉरिस स्वतःच्या घरी घेऊन जातात, कारण योगायोगाने त्यांना नेमक्या तशाच जाड हिरव्या लोकरी कापडाची निकड असते. ऑस्टिन हे एका ओळीत सांगते आणि पुढे जाते. सॉदर्टनच्या सहलीहूनही बाई रिकाम्या हाताने येत नाहीत. गाडीत मलईचे चीज आणि फेझंट पक्ष्याची चार अंडी असतात, आणि ती घेताना आपल्यावर किती आग्रह झाला याचे वर्णनही बरोबर असते.

मात्र याच बाई फॅनीला पदोपदी तिची पायरी दाखवून देतात. चीज उचलण्याचा आणि पोरीला छळण्याचा उगम एकच आहे: बहिणीच्या श्रीमंत घरात आपण उपरे नाही हे त्यांना सतत सिद्ध करावे लागते. हसू आणि चीड एकाच वेळी आणणारे असे पात्र मला दुसरीकडे सापडलेले नाही. ऑस्टिनने या कादंबरीविषयी घरच्यांची आणि स्नेह्यांची मते टिपून ठेवली होती, त्यांत तिच्या आईचे मत असे आहे की नायिका फॅनी मिळमिळीत वाटली आणि मिसेस नॉरिसची मजा आली. आई हुशार होती.

भालदार

हॅरी पॉटरमध्ये शाळेभर चोंबडेपणा करत फिरणाऱ्या मांजरीचे नाव मिसेस नॉरिस आहे, ते यावरूनच. हे मला माझ्या मुलीने सांगितले, तेव्हा माझ्या वाचनाची प्रौढी कोणी करू नये.

जोंधळा

सगळे कौतुक चालले आहे म्हणून मुद्दाम विरुद्ध बाजू मांडतो. ऑस्टिन अधूनमधून क्रूर होते आणि तेव्हा तिचे वास्तवाचे भान सुटते. 'पर्स्वेजन'मध्ये मिसेस मसग्रोव्ह यांचा मुलगा डिक परदेशी वारलेला आहे. तो नालायक होता, घरच्यांनाही नकोसा होता, आणि वयाची विशी गाठण्याआधीच तो गेला हे कुटुंबाचे नशीबच, असे लेखिका स्वतःच्या आवाजात लिहिते. आई त्याच्या आठवणीने सुस्कारे टाकते तर ती बाई स्थूल आहे म्हणून तिचे सुस्कारेही लठ्ठ ठरतात. वर स्पष्टीकरण असे, की शरीराचा आकार आणि दुःखाचा आकार यांचा संबंध नसतो हे खरे, पण काही जोड्या विशोभितच दिसतात. मेलेल्या मुलासाठी रडणाऱ्या आईला हसणे म्हणजे विनोदबुद्धी, असे मला वाटत नाही. शार्लट ब्राँटे यांनी 1848 मध्ये ऑस्टिनच्या लेखनाला नीट कुंपण घातलेली, निगुतीने राखलेली बाग म्हटले होते. त्या बागेत काही रोपे पायाखाली तुडवलीही जातात.

कृष्णकमळ

जोंधळा, तो परिच्छेद मलाही खटकतो आणि मी त्याचा बचाव करणार नाही. एवढेच सुचवते की त्याच सोफ्यावर कॅप्टन वेंटवर्थ त्या आईजवळ येऊन बसतो. आतून त्याला क्षणभर हसू आलेले असते, ते फक्त नायिका ॲनच्या लक्षात येते. नंतर तो त्या बाईशी तिच्या मुलाविषयी इतक्या समजुतीने बोलतो की तिच्या दुःखात जे काही खरे असेल त्याचा मान राखला जातो. लेखिकेने जे केले नाही ते तिच्या पात्राने केले. यामुळे ते वाक्य पुसले जात नाही हे मान्य.

टेकडीवरचा

वर डिकन्सचा उल्लेख येऊन विरून गेला म्हणून थोडे लिहितो. मी डिकन्सचा भक्त आहे. कर्जात बुडालेला आणि तरीही काहीतरी मार्ग निघेलच असे म्हणत राहणारा मिकॉबर हा डिकन्सच्या वडिलांवर बेतलेला आहे, आणि ते वडील 1824 मध्ये खरोखरच कर्जापायी तुरुंगात गेले होते. तेव्हा डिकन्सचे मूळही वास्तवातच आहे. फरक मला ऊर्जेत दिसतो. डिकन्सचे पात्र दारातून आत आले की खोली उजळते. ऑस्टिनचे पात्र खोलीत आधीपासूनच बसलेले असते. मला पहिला प्रकार आवडतो, पण वास्तवाच्या निकषावर दुसरा सरस आहे, हे भक्त असूनही कबूल करतो.

वॉल्टर स्कॉट यांनीही हेच कबूल केले होते. मार्च 1826 मधल्या रोजनिशीत त्यांनी लिहिले की मोठ्या भुंकण्याचा थाट मला कोणाइतकाही जमतो, परंतु रोजच्या सामान्य गोष्टी आणि माणसे केवळ खरेपणाच्या बळावर रंजक करणारा तो नाजूक हात मला लाभलेला नाही. एवढ्या मोठ्या लेखकाने असे लिहिल्यावर माझ्यासारख्याने हट्ट धरण्यात अर्थ नाही.

रिकामे बाक

मेकॉलेनेही 1843 मध्ये याच अंगाने लिहिले होते. होय, आपल्या शिक्षणावर टिपण लिहिणारा तोच मेकॉले. त्याचा मुद्दा असा, की ऑस्टिनचे चार तरुण धर्मगुरू घ्या: एडवर्ड फेरर्स, हेन्री टिल्नी, एडमंड बर्ट्रम आणि मिस्टर एल्टन. चौघेही एकाच वर्गातले, एकाच व्यवसायातले, एकसारख्या शिक्षणाचे, चौघेही प्रेमात पडलेले आणि एकाच्याही अंगावर ओळख पटण्यासाठी चिकटवलेली लकब नाही. तरीही एकाच्या जागी दुसरा चालणार नाही. निशिगंध, लक्षात घ्या की त्याने या यादीत कॉलिन्सला घेतलेले नाही. हा गुण तुम्हाला.

निशिगंध

आभारी आहे. गुण स्वीकारला.

थेम्सकाठी

मी इंग्लंडात राहते. दोन वर्षांपूर्वी हॅम्पशरमधल्या चॉटनला तिचे घर पाहायला गेले होते. ऑस्टिन 1809 पासून तिथे राहिली आणि शेवटच्या सहाही कादंबऱ्यांवर तिचा अखेरचा हात तिथेच फिरला. जेवणघराच्या खिडकीशी तिचे लिहिण्याचे मेज ठेवलेले आहे: अक्रोडाच्या लाकडाचे, बारा बाजूंचे आणि आकाराने एवढेसे, की त्यावर चहाचा कप आणि वही एकत्र ठेवायची झाली तर विचार करावा लागेल. तिने एका पुतणीला सल्ला दिला होता की खेड्यातली तीन-चार कुटुंबे घेऊन लिहावे, कादंबरीला तेवढे पुरते. ते मेज पाहिल्यावर तीन-चार कुटुंबांहून जास्त त्यावर मावलीही नसती असे वाटले.

एक विनोदी दुरुस्ती माझी मीच करते: 'शेवटच्या सहाही' म्हणजे एकूण सहाच. पूर्ण झालेल्या कादंबऱ्या तेवढ्याच आहेत.

कृष्णकमळ

मंडळी, आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण काल एक शोध लागला. ज्यांना 'एमा' वाचायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. त्यात रहस्य फुटते.

चष्म्याच्या खिळीचा तो प्रसंग पुढे असा जातो. मिस बेट्स रस्त्यापलीकडच्या दुकानात एमाला बोलवायला येते आणि सांगते की फ्रँक चर्चिल किती भला माणूस, तो आपणहून खीळ बसवत बसला आहे. सगळ्या वर जातात. आई शेकोटीपाशी डुलकी घेते आहे, फ्रँक चष्म्यात गढलेला आहे आणि जेन पाठमोरी, पियानोकडे पाहत उभी आहे. खीळ अजून बसलेली नाही, कारण पियानोचा पाय डुगडुगत होता म्हणून त्याखाली कागद सारण्यातही वेळ गेला, असे फ्रँक सांगतो. पहिल्या वाचनात आपण मिस बेट्सच्या सफरचंदांना इतके कंटाळलेले असतो की या चित्राकडे पाहतच नाही. कमी ऐकणारी आणि चष्म्याअभावी न दिसणारी म्हातारी झोपलेली, बोलणारी मावशी रस्त्यावर, आणि खोलीत दोघेच: फ्रँक आणि जेन यांचा साखरपुडा चोरून कधीच झालेला आहे! मिस बेट्सला यातले काही ठाऊक नाही, पण जे घडले ते सगळे ती क्रमाने, इमानदारीने सांगून मोकळी झालेली आहे. एमाला तिच्या हुशारीमुळे जे दिसत नाही, ते मिस बेट्सच्या बडबडीत उघड्यावर पडलेले असते.

म्हणजे ऑस्टिनने तिला हसवण्यासाठी बोलके केले आणि त्याच बोलण्यात कथानकाची किल्ली टाकली. आपणही एमासारखेच पान उलटतो.

आज बॉक्स हिलची सहल वाचली. फ्रँक खेळ सुचवतो: प्रत्येकाने एक फार चतुर, दोन बऱ्यापैकी किंवा तीन अगदी नीरस गोष्टी सांगाव्यात. मिस बेट्स स्वतःच हसत म्हणते की तीन नीरस गोष्टी तर माझ्या तोंड उघडताच निघतील. त्यावर एमा म्हणते, अडचण एवढीच आहे की तुम्हाला एका वेळी फक्त तीनच सांगता येतील. मिस बेट्सला ते लगेच कळत नाही. कळते तेव्हा तिला रागावताही येत नाही. चेहरा किंचित लाल होतो आणि ती शेजारच्या मिस्टर नाइटलींना म्हणते की मी फार नकोशी होत असले पाहिजे, एरवी ती जुन्या मैत्रिणीला असे बोलली नसती. मी तीनशेहून अधिक पाने तिला हसत आले होते. एमाने जे मोठ्याने म्हटले तेच मी महाविद्यालयात पान उलटून म्हणत होते.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारले, "ती पोरगी माफी मागायला जाते का?" मी म्हटले, उद्या सकाळी जाते. त्यावर त्यांनी उद्याचे वाचन दुपारऐवजी सकाळी ठेवायला सांगितले आहे.

हिरवी वेलची

कृष्णकमळताई, एमाविषयी एक जोड देते. आपण तिच्या वडिलांना, मिस्टर वुडहाउसना, या धाग्यात अन्यायाने वगळले आहे. ते पाहुण्यांना जेवायला बोलावतात आणि जेवू देत नाहीत. मिसेस बेट्सना ते मऊ उकडलेले एक अंडे घेण्याचे धाडस करा म्हणतात, अंडे अगदी लहान आहे अशी ग्वाही देतात; मिस बेट्सना टार्टचा इवलासा तुकडा सुचवतात; कस्टर्डची शिफारस करत नाहीत; आणि तिसऱ्या बाईला अर्धा पेला वाइन, तीही पेलाभर पाण्यात घालून. एकदा तर त्या बिचाऱ्या मिसेस बेट्सच्या आवडीचे शतावरीचे पदार्थ समोर आलेले असताना, कोंब नीट शिजलेले नाहीत म्हणून परत पाठवतात. हे सारे प्रेमाने. आमच्या घरी थंड पाण्याविषयी अशीच भूमिका घेणारे एक काका होते, म्हणून मला फार हसू येत असे.

मग कधीतरी लक्षात आले की एकवीस वर्षांची एमा, एवढी श्रीमंत मुलगी, तिने समुद्र पाहिलेला नाही. सात मैलांवरची बॉक्स हिलही त्या सहलीपर्यंत पाहिलेली नाही. कोणी तिला अडवले नाही. वडिलांना काळजी वाटते एवढेच. त्या लहान अंड्याचा आणि न पाहिलेल्या समुद्राचा संबंध ऑस्टिन कुठेही जोडून दाखवत नाही. दोन्ही गोष्टी निरनिराळ्या प्रकरणांत ठेवून ती गप्प बसते. कॉलिन्सचे निशिगंध पाहून घेतील, पण मला तरी तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते.

निशिगंध

कॉलिन्सचे मी आज पुन्हा वाचले. बेनेट कुटुंबातली एक मुलगी पळून जाऊन लग्न करते, त्यावर तो तिच्या बापाला पत्र लिहितो की ख्रिस्ती माणूस म्हणून तुम्ही त्यांना क्षमा अवश्य करावी, परंतु त्यांना नजरेसमोर येऊ देऊ नये आणि त्यांचे नावही कानावर पडू देऊ नये. अशा अर्थाचे पत्र आमच्या कुटुंबात एका आंतरजातीय विवाहानंतर आले होते, आणि लिहिणारे गृहस्थ अत्यंत सज्जन समजले जात. त्यामुळे व्यंगचित्राचा आरोप मी मागे घेतो. शेकोटीच्या 800 पौंडांबाबत मात्र राखून ठेवतो.

दत्तू वकील

हिरवी वेलची यांनी मिस्टर वुडहाउस काढले म्हणून शेवटचे एक. मुलीच्या लग्नाच्या कल्पनेनेच हबकलेला हा माणूस शेवटी संमती कशी देतो, आठवते का? एका रात्री मिसेस वेस्टनच्या खुराड्यातल्या सगळ्या टर्की चोरीला जातात. भुरट्या चोऱ्या म्हणजे वुडहाउसच्या लेखी घरफोडीच. मग घरात एक धडधाकट जावई असलेला बरा, असे त्याचे त्यालाच वाटू लागते. लेखिकेला त्याचा स्वभाव बदलावा लागला नाही. ज्या भित्रेपणाने लग्न अडले होते त्याच भित्रेपणाने ते लावून दिले. तो चोर अखेरपर्यंत सापडल्याचा उल्लेख नाही. सापडलाच, तर त्याचे वकीलपत्र मी विनामूल्य घेईन. फीबद्दल एक टर्की चालेल.